पलंगाखालचा खड्डा

मी, जागेश्वर मार्तंड सोनकुसरे, वय ७६, शिक्षण सातवी, धंदा विणकर, राहणार तांडापेठ, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. साखर आणि छातीची धडधड सोडली तर डोकं जागेवर आहे. धंतोलीच्या डॉक्टरांचा तसा कागद सोबत टाचला आहे. कोणी दम दिलेला नाही. ‘धंदा विणकर’ हे मी दोनदा तपासून लिहिलं आहे. कारण पुढे येईल.

१. माझे दोन खोल्यांचे घर माझ्या पश्चात पत्नी अनुसया हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील, नंतर मुलगी काजल हिचे होईल. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा आहे. त्यात पाय सोडून मागावर बसतात. काजलला माग चालवता येतो. अट एकच, खड्डा बुजवायचा नाही.

२. या खड्ड्याबद्दल कबुली देतो. दोन वर्षांमागे शहर कसं वाढतं याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेचे लोक गल्लीत येणार होते. घरात धंदा दिसला तर घरटॅक्स दुकानाच्या भावाने लागेल, अशी मला धास्ती बसली. कोणी सांगितलं नव्हतं, मलाच वाटलं. गल्लीत अकरा घरं, सगळी विणकरांची. घरोघरी जाऊन मी सांगितलं, माग सोडवून माळ्यावर टाका, खड्ड्यावर फळ्या, वर पलंग. वयाने मोठा म्हणून सर्वांनी हो म्हटलं.

रुचिका नावाची पोरगी टॅबलेट घेऊन माझ्या त्याच पलंगावर बसली.

“आजोबा, इथं कोणी विणकाम करतं?”

“नाही वं माय. ते आता कुठं राहिलं.”

तेवढ्यात शेजारी ओमप्रकाशचा माग खटखटू लागला. त्याच्याकडे लग्नाच्या साड्यांची ऑर्डर होती, म्हणून त्याने माग सोडवलाच नव्हता; घरच्यांना बाहेरून कुलूप लावायला सांगून तो आत विणत होता.

“मग हा आवाज?”

“पिठाची चक्की आहे.”

तिने लिहून घेतलं. चहा दोनदा घेतला, पण वाकून पलंगाखाली पाहिलं नाही.

३. त्या अभ्यासाचं गुळगुळीत पुस्तक निघालं. ते संस्थेला परत करावे. काजलने वाचून दाखवलं: अकरा घरं, विणकाम शून्य, पिठाची चक्की एक. माझाही फोटो आहे, खाली ‘निवृत्त रहिवासी’. त्याच आकड्यांवर आराखडा ठरला. गल्ली पाडून रस्ता आणि वाहनतळ. घरातच धंदा असेल त्यांना तळमजल्यावर जागा, बाकीच्यांना शहराबाहेर कुहीच्या रस्त्याला सातव्या मजल्यावर फ्लॅट. सातव्या मजल्यावर खड्डा कुठे खणायचा? खालच्या घरवाल्याच्या डोक्यावर पाय येतील. खुर्चीवर बसून गल्ल्या पुसणाऱ्यांची मला किळस येते. त्याहून जास्त माझ्या जिभेची येते.

४. मुलगा पंकज रामदासपेठेत दवाखान्याच्या काउंटरवर बसतो. तो म्हणतो, “बाबा, लिफ्टवाला फ्लॅट भेटून राहिला, तुमाले काहून पाहिजे तो खड्डा?” त्याला तो पलंग द्यावा. माझ्या वडिलांचा मागावरचा धोटा काजलला. बँकेत जे असेल ते अनुसयाला, तिने कोणाला विचारू नये.

५. ~~कलम दोनची कबुली माझ्या मृत्यूनंतर नगररचना कार्यालयात द्यावी.~~

हे कलम मी खोडले आहे. साक्षीदार म्हणून वाचताना ओमप्रकाश इथेच थांबला. म्हणाला, “काहून गा, आराखड्यावर हरकत घ्यायची मुदत सोमवारपर्यंत आहे. तू तोवर मरून राहिला का?”

“खोटी माहिती दिली म्हणून मले आत टाकतील.”

“टाकू दे. डबा मी आणीन.”

अनुसया चुलीशी होती. ती हसली. मला हसू आलं नाही.

म्हणून पाचवे कलम नव्याने: या कागदाची नक्कल घेऊन सोमवारी मी स्वतः कार्यालयात जाईन. रुचिकाला परत बोलवा, असे तिथे लेखी मागेन. या वेळी तिला बसायला पलंग मिळणार नाही. आज दुपारी ओमप्रकाशने तो उचलला. दुसरी बाजू पंकजने धरली. फळ्यांखाली कापसाची धूळ आणि एक कांडी सापडली, तिच्यावर सूत अजून होतं.

खड्ड्याच्या काठावर बसून, पाय आत सोडून, वाचून समजून सही केली.

जागेश्वर मार्तंड सोनकुसरे

साक्षीदार:
१. ओमप्रकाश हेडाऊ, विणकर. चक्कीवाला नाही.
२. अनंत धकाते, विणकर. माझाही पलंग काढला.

तांडापेठ, नागपूर
शनिवार, २० सप्टेंबर २०२५