अप्पांच्या हाताला वश असलेली गाडी

३ ऑक्टोबर

चि. ठोंब्यास,

अ. उ. आ.

पेढे मिळणार नाहीत, बातमी घे. पन्नाशीला टेकलेल्या तुझ्या बहिणीला नोकरी लागली. डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासायचं काम आहे, एक नोव्हेंबरला हजर व्हायचंय. मुलाखतीतल्या बाईंनी विचारलं की शिक्षण संपल्यावर इतकी वर्षं काय करत होतात. मी सांगून टाकलं की एक नवरा सोडला, एक वडील सांभाळले. त्या खो खो हसल्या आणि मला घेतलं.

आता रडगाणं. दुधाचे टँकर पहाटे येतात आणि पहिली बस त्यानंतर डुलत डुलत निघते. म्हणजे गाडी हवी. गाडी दारात आहे, पण ती गाडी आहे की म्हातारी सासू आहे, तेच कळत नाही. सकाळी किल्ली फिरवली की नुसतं टक-टक करते. गर्दीत उभी राहिली की तापते, मग अप्पा भर उकाड्यात हीटर लावतात, इंजिन गार होतं आणि आपण शिजतो. ब्रेक दाबला की अशी किंचाळते की पुढचा माणूस वळून आपलीच माफी मागतो. हात जरा सैल सोडला की डावीकडे जाते. मागची काच एकदा खाली पडली ती वर येईना, तिथे अप्पांनी लाकडाची पाचर ठोकली आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी अप्पांना गाडी चालवायला सक्त मनाई केली आहे, कारण उजव्या डोळ्याला कडेचं दिसत नाही. अप्पांचं म्हणणं, समोरचं दिसतं, कडेच्यांनी आपापलं बघावं. शेवटी एकदाचे कबूल झाले. पण किल्ली मागितली तर म्हणतात की ही गाडी फक्त त्यांच्या हाताला वश आहे, ती ठणठणीत झाल्याशिवाय ते तिच्यात मुलीला बसवणार नाहीत. मी म्हटलं, लेखी द्या. त्यांनी शब्द दिला, ठणठणीत झाली की किल्ली माझी.

तू खाणीवर एवढाले पंप दुरुस्त करतोस, एका डबड्याचं काय ते सांग. फोन लागत नाही तिथे, म्हणून पत्र. जेवत जा.

माया आहेच, तिचं व्याज म्हणून लवकर उत्तर पाठव.

तुझी ताई

९ ऑक्टोबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझ्या नोकरीची बातमी इथे सगळ्या कॅन्टीनला सांगितली. आचारी म्हणाला, त्याच्या दुधात किती पाणी असतं ते मात्र तपासू नकोस.

आता नीट वाच आणि गॅरेजवाल्याच्या नादी लागायच्या आधी फुकटातलं करून घे. टक-टक होतंय म्हणजे बॅटरीची पूर्ण ताकद इंजिनापर्यंत पोचत नाही. बॉनेट उघड, बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरी पूड जमली असेल. दहा नंबरचा पाना घे, आधी वजा खुणेची वायर काढ, मग अधिकची. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घास, पुसून कोरडं कर. लावताना उलट, वजाची शेवटी, आणि घट्ट आवळ. अप्पांचा टूथब्रश घेऊ नकोस, गेल्या वेळी मी घेतला होता आणि ते अजून बोलतात.

तापण्याचं. इंजिन पूर्ण गार असतानाच रेडिएटरचं पाणी बघ. गरम असताना झाकणाला हात लावलास तर तोंड भाजून घेशील. पाणी असूनही तापत असेल तर पुढचा पंखा फिरतो का बघ, नाही तर त्याचा फ्यूज. डावीकडे जाते तर आधी टायरमधली हवा बघून घे, मगच चाकांचं अलाइनमेंट. ब्रेकचे पॅड मात्र बदलावेच लागतील. झिजले की ओरडावं म्हणून त्यांना मुद्दाम पत्रा लावलेला असतो, म्हणजे आपल्या घरात वेळेवर ओरडणारी तेवढी एकच वस्तू आहे. पाचरीला हात लावू नकोस. ती उत्तम आहे.

अप्पांच्या शब्दावर मात्र माझा पूर्ण विश्वास नाही, का ते विचारू नकोस, नुसतं वाटतं.

आशीर्वाद पाठव, ते वजनाला हलके असतात.

तुझा ठोंब्या

१७ ऑक्टोबर

चि. ठोंब्यास,

अ. उ. आ.

तुझ्या तोंडात साखर पडो असं लिहिणार होते, आता मीठ पडो असं वाटतंय.

तू सांगितलंस ते सगळं केलं. पूड घासली आणि गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली! मी अंगणात नाचले, शेजारीण गॅलरीतून बघत होती, बघू दे. पॅड बदलले, हवा भरली, पाणी भरलं. मी अप्पांना बाजूला बसवून गल्लीतून दोन चकरा मारल्या. ते सगळ्या वाटेत पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होते. उतरल्यावर म्हणाले की बरी चालवतेस, आणि त्यांचा चेहरा असा झाला जसं कुणी त्यांच्या ताटातलं उचललं.

दुसऱ्या दिवशी गाडी मेलेली. बॅटरीची वायर सैल. आवळली. दोन दिवसांनी पुन्हा सैल. मग पंखा बंद, इंजिनातून वाफा, मी सिग्नलला उभी आणि मागचे भोंगे वाजवतायत. गॅरेजवाल्याने नवा फ्यूज घातला. आज बघते तर पंखा पुन्हा ठप्प, आणि डावं टायर बसलेलं. गॅरेजवाला म्हणतो, गाडीचं वय झालंय, वयाला औषध नाही. हे त्याने अप्पांसमोर सांगितलं. अप्पा इतके खूश झाले की त्याला चहा पाजला.

खरं सांगू? मला रडू येतंय. डेअरीच्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय की पहिल्या दिवशी पहाटे हजर झाले नाही तर पुढच्या उमेदवाराला बोलावतील. मी आयुष्यात स्वतःसाठी एवढी एकच गोष्ट मागितली आहे रे. अप्पा मात्र मजेत आहेत. दोन पोळ्या जास्त खातात, गुणगुणतात, आणि गाडीचा विषय निघाला की दुःखी चेहरा करायला जातात पण तो जमत नाही.

काही तरी सुचव. लोभ कमी झाला तरी चालेल, डोकं वापर.

ताई

२३ ऑक्टोबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

आधी डोळे पूस. मग मला सांग, तो फ्यूज जळला होता की जागेवर नव्हताच? दोन्हींत फार फरक आहे. फ्यूज जळला तर आतली तार तुटलेली दिसते. जागा रिकामी असेल तर ती कुणी तरी रिकामी केली आहे.

वायरीचंही तेच. नीट आवळलेला नट खडबडीत रस्त्यावर महिनोन्महिने हलत नाही, आणि तुझी गाडी तर सिग्नलच्या पुढे गेलीच नाही. गाडी जुनी असते, तापते, रुसते, सगळं मान्य. पण ती अपरात्री उठून स्वतःचे नट सोडत बसत नाही. घरात भूत असेल तर त्याला दहा नंबरचा पाना धरता येतो, आणि ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेलं आहे.

चिडू नकोस, आधी खात्री कर. आम्ही खाणीवर करतो तसं कर. नट आवळलास की त्याच्यावरून खालच्या धातूपर्यंत नखांना लावायच्या रंगाची एक सरळ रेघ ओढ. कुणी नट फिरवला तर रेघ तुटलेली दिसेल. अप्पांना लाल रंग कमी दिसतो, तेव्हा लालच वापर.

आणि ताई, रेघ तुटली तरी त्यांना फार बोलू नकोस. थोडं बोल. माझ्या वाटचंही बोल.

तुझ्याच पंगतीतला,

ठोंब्या

१ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास,

अ. उ. आ.

रेघ तुटली. आज पहाटे, नेमकी आज. टॉर्च मारून बघितलं आणि डोक्याला हात लावून उभी राहिले. फ्यूजची जागाही रिकामी होती. मी स्वयंपाकघरात गेले. अप्पा अंधारात चहा पीत बसले होते, जसं काही रोज याच वेळी पितात. मी नुसता हात पुढे केला. ते म्हणाले की जुन्या गाड्यांचे फ्यूज कधी कधी उडून जातात. मी हात तसाच ठेवला. मग त्यांनी चष्म्याच्या डबीतून फ्यूज काढून माझ्या तळहातावर ठेवला.

मी ओरडले, ठोंब्या. थोडं बोल म्हणालास, मी भरपूर बोलले. तुझ्या वाटचंही बोलले, आणि आई असती तर तिच्याही वाटचं. विचारलं की माझा जन्म या घरात वायरी आवळायला झालाय का. ते कपाकडे बघत म्हणाले की तू कामाला गेलीस की घरात घड्याळाशिवाय कुणी बोलत नाही. आई गेल्यावर ते तसं कसे राहिले ते त्यांना ठाऊक आहे, पुन्हा नको. एवढंच. आणि वर असंही म्हणाले की मला डेअरीत कमी पगार मिळायला हवा होता, म्हणजे थांबवायला निदान काही कारण तरी राहिलं असतं. हा माणूस माफी मागताना पण हुज्जत घालतो.

मला त्यांची दया आली आणि त्यांचा गळाही दाबावासा वाटला, दोन्ही एकाच वेळी. मी म्हटलं, दुपारी दोनला येते, आत्ता गाडी लावून द्या. त्यांनीच पाना घेतला. टॉर्च मी धरला. फ्यूज बसवला, नट आवळला, दोनदा आवळला. मी बसले, किल्ली फिरवली आणि निघाले. मागे वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर थांबले असते.

पहिल्या टँकरच्या आधी पोचले. दूध चांगलं होतं. मी फार खूश आहे, आणि तेवढंच वाईटही वाटतंय मला. दोन्ही लिहून ठेवते.

तू मोठा शहाणा आहेस हे कबूल, तरी माझ्यापेक्षा लहानच राहा.

ताई

१८ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास,

अ. उ. आ.

अक्षर मोठं आलं आहे, डॉक्टरांनी एका डोळ्याला रजा दिली आहे. तुझ्या बहिणीने तुला सर्व कळवलं असणारच. नखांच्या रंगाची अक्कल तुझी, हेही मला कळलं. बापाविरुद्ध हेरगिरी करायला तुला शिकवलं कुणी? असो. रेघ सरळ होती.

ती रोज दोनला येते. आज आली नाही. अडीच झाले. मी फाटकात गेलो. तीन वाजून गेले. शेजारीण म्हणाली की रस्त्यावर गर्दी असेल. मला तिचं काही ऐकू येईना. माझ्या डोक्यात एकच. मी या महिन्याभरात त्या गाडीचं काय काय सोडलं आणि काय काय परत लावलं? वायर लावली, फ्यूज लावला. डावं टायर भरलं. पण त्या वेळी चाकाचे नट बघताना मी एखादा ढिला करून ठेवला होता का? आठवेना. एवढी वर्षं खात्यात काम केलं, कुठला खांब कुठे ते झोपेत सांगेन, आणि हे आठवेना. घरात एकटं बसायची भीती वाटते म्हणून मी हे उद्योग केले, आणि आता मी कायमचा एकटा बसणार, माझ्याच हाताने. हा विचार मी फाटक धरून उभा राहून करत होतो. तुला लिहितो आहे, तिला सांगू नकोस.

साडेतीनला आली. वाटेत पंक्चर झालं होतं. डेअरीतल्या कुणालाही न बोलावता तिने स्वतः जॅक लावला, चाक काढलं, स्टेपनी चढवली. हात कोपरापर्यंत काळे, कपाळावर ग्रीस. उतरताच मला म्हणाली की नट तिने स्वतः आवळले आहेत, तुम्ही बघायची गरज नाही. मी तिचे हात धरले आणि भर रस्त्यात रडलो. तिने मला आत नेलं, माझ्या सदऱ्याला हात पुसले, आणि जेवायला वाढा म्हणाली. मीच वाढलं.

तू रजा काढून ये. तिला स्टेशनवर यायला सांगतो, ती येईल, चांगली चालवते. मी बाजूला बसेन आणि पाय हलवणार नाही.

गाडीला ओरखडा आला की काय, ते मी अजून बघितलेलं नाही.

जीव आहे तोवर माया आहे, मोजायची तर इथे येऊन मोज.

अप्पा