हात सोडला नाय

बिरवाडी

आये,
तुझ्या पायांवर डोकं ठेवतो, डोक्याचे टाके जपून. मी बरा हाय. कंपनीत मार बसला, त्यात फोन फुटला म्हणून पत्र. बाबा घरात नसताना शेजारच्या सेजलकडून वाचून घे.

मी शिफ्टला उशिरा आलो, त्याला जास्त थांबावं लागलं म्हणून कंपनीतल्या सुनीलने मागून पान्याने माझं डोकं फोडलं. मी वाफेचा व्हॉल्व्ह बंद करत होतो. सोडला असता तर टाकी फुटली असती. रक्त डोळ्यांत उतरलं, तरी पुरता बंद केला.

सगळे म्हणतात, मुरारी थंड स्वभावाचा. थंड कसला गो? मनात मी सुनीलला ठेचत होतो.

बाबा तुला मारायचा तेव्हा तू भाकरी थापत राहायचीस. मला वाटायचं, तुला राग येतच नाय.

अजून मारतो काय? आता हात उचलला, तर भाकरी करपू दे.

तुझा मुरारी