कपडा ओला ठेव

१२ मार्च १९८५, मंगळवार
मालनताईला मुलगा झाला. आतडी बाहेर! बेंबीच्या बाजूला भोक, त्यातून सगळं बाहेर आलेलं. दिंडोशीच्या डॉक्टरीणबाईंनी ओल्या कपड्यात गुंडाळलं, सलाईनची बाटली माझ्या हातात दिली. "शहरातल्या मोठ्या इस्पितळात ने. कपडा ओला ठेव. सुकला तर आतडं मरतं." भावजी बोटीवर. घरात पुरुष म्हणजे मी — चार नोकऱ्या सोडलेला.

पार्ल्याला कारखान्यातल्या बिस्किटांचा वास आला. सकाळपासून उपाशी. टॅक्सी थांबवली, चहा मागवला. तर शिवदास, जुना दोस्त! खिडकीतून डोकं आत — "काय गुण्या, फायनल बघितलीस? अख्खी टीम बक्षिसाच्या गाडीवर चढली यार! हे पोरगं कुणाचं?"
"ताईचं."
"झकास!"
अर्धा तास गेला. बाटली सीटखाली. बाळ मांडीवर, आणि मी हसत होतो!

इस्पितळात सिस्टरने बोट लावलं. "सुकलंय हे. कोणी आणलं?" बाटली मी शर्टाखाली लपवली. भरलेली होती.

१३ मार्च
ऑपरेशन झालं. आतडी पोटात मावत नाहीत. वर प्लास्टिकची पिशवी शिवलीय, रोज थोडं थोडं आत ढकलणार. एक तुकडा काळा पडलेला — कापला.
काळा.

१४ मार्च
दोन बोटं आत गेलं म्हणे. दिंडोशीला जाऊन ताईला सांगितलं. माझा हात धरून म्हणाली, "तू होतास म्हणून रे. नायतर कोण नेणार होतं?"

१६ मार्च
पोट फुगलंय. अंग राखाडी. इस्पितळात थांबायला हवं होतं. जुहूला जाऊन बसलो, एकाचा पतंग बघत. मी असा का आहे?

१७ मार्च
गेला. सकाळी सव्वानऊला. नाव नव्हतंच. कागदावर 'मालनचं बाळ'.

१८ मार्च
ताईला सांगून टाकलं. पार्ले, चहा, शिवदास, भरलेली बाटली. छाती दुखते म्हणून दूध वाटीत पिळत होती. थांबली. "चालता हो, गुणाजी." गुणाजी! पूर्ण नावाने, जन्मात पहिल्यांदा.

२० मार्च
इस्पितळातून बाळाचे कागद आणायला गेलो. सर्जनना विचारलंच, माझ्यामुळे गेला का. चिडले आधी — "सुकू द्यायला नको होतं." मग म्हणाले, "पण अर्ध्या तासात आतडं काळं पडत नाही रे. त्याला पीळ बसलेला, आईच्या पोटातच. जन्माआधीच मेलं होतं ते. तू वेळेत आला असतास तरी..."
मी नाही! जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. उद्या ताईला सांगतो.

२१ मार्च
ताईच्या दारापर्यंत गेलो. आत आईला सांगत होती, "माझ्या पोटात नऊ महिने नीट होतं गं. गुण्याने सुकवलं."
चप्पल काढलीच नाही. परत आलो.
मीच सुकवलं.