साबण अजून झोंबतो

अजलून, जॉर्डन, ३ डिसेंबर १९८३

सौ. वसफिया वन्सं यांस,
इन्तिसारचा सप्रेम सलाम वि. वि.

तुमचं पत्र, मुलांचे फोटो आणि वेलदोडे पोचले. धाकट्याचे गाल बघून आई म्हणाल्या, की कुवेतमध्ये पोरांना भाकरी देत नाहीत, नुसतं खमीर भरवतात वाटतं.

यंदा ऑलिव्हचं तेल छान निघालं. आईंचे पाय मात्र संध्याकाळी सुजतात. इरबिद शहरातले डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जपा. आईंना हृदयाची काळजी नाही, साबणाची आहे. हजहून आणलेलं कफन पेटीत आहे, पण अंतिम स्नानासाठी ठेवलेला आपल्या झाडांच्या तेलाचा साबण त्यांनी गेल्या वर्षी शेजारच्या उम्म राजिहच्या मुलींना देऊन टाकला. ती बाई अचानक गेली आणि घरात साबण नव्हता. आता आपल्यालाही दुकानातल्या गुलाबी वडीने धुतील, न्हाव्याकडून आल्यासारखा वास घेऊन मी वर जाऊ का, असं दिवसातून चारदा विचारतात. नव्या तेलाचा साबण वाळून मऊ व्हायला पुढचा हिवाळा उजाडणार.

म्हणून मी एक उद्योग केला. गावच्या शाळेतल्या गृहशास्त्राच्या बाई म्हणाल्या, की साबण मंद आचेवर भट्टीत शिजवला तर जे काम वर्षाने होतं ते एका दिवसात होतं. तुम्ही पाठवलेली गॅसची भट्टी होतीच. पहिल्यांदा मी खिम्याचे कुब्बे भाजायचं अॅल्युमिनियमचं ताट वापरलं. साबणातल्या कॉस्टिक सोड्याने ते ताटच खायला घेतलं! काळा फेस, डोळ्यांत पाणी, सगळं घर खोकत अंगणात. आई इतक्या हसल्या, की मला त्यांच्या हृदयाचीच भीती वाटली. मग तुमच्या लग्नातलं स्टीलचं पातेलं काढलं (माफ करा). झाकण ठेवून, मधून मधून ढवळून, दुपारपर्यंत मिश्रण कुस्करलेल्या बटाट्यासारखं झालं. लाकडी चौकटीत थापून वड्या पाडल्या.

आता परीक्षा बाकी आहे. साबण जिभेला झोंबला तर कच्चा, नाही झोंबला तर तयार. आणि तुम्हाला ठाऊकच आहे, असल्या साबणाला ज्याचा त्यानेच जीभ लावायची, दुसऱ्याने नाही. आई म्हणाल्या, थोडं पाणी सुकू दे, मग बघू. साबण तयार झाला की मी मोकळी, असंही म्हणाल्या. मी हसून सोडून दिलं.

मुनीरभाईंना सलाम. आमच्यावरची माया तिकडच्या उन्हात सुकू देऊ नका.

तुमची भावजय,
इन्तिसार

---

हवल्ली, कुवेत, २४ डिसेंबर १९८३

चि. सौ. इन्तिसार हीस,
वसफियाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून माझ्या हातातला चहा थंड झाला. तू शहाणी की खुळी? आईने आयुष्यात एकदा बोललेला शब्द मागे घेतलेला नाही. साबण तयार झाला की मी मोकळी असं ती म्हणते, आणि तू आपली भट्टी पेटवून बसतेस! वर्षभर वाळू दिला असता तर वर्षभर ती त्याची वाट बघत राहिली असती. एवढी घाई कसली होती? तिची उन्हाची खोली तुला हवी आहे, हे माझा भाऊ खलफ मागच्या उन्हाळ्यात बोलून गेला होता. मी विसरलेले नाही.

आम्ही जुलैत येतोय, मुलांच्या शाळा सुटल्या की लगेच. तोवर तिला थांबव. कसंही कर. पण तिला माझ्या डोळ्यांनी एकदा बघू दे. त्या वड्या परत भट्टीत घालायच्या नाहीत, हे बजावून सांगते.

रागाने लिहिलंय, पण तुम्हा दोघींवरचा जीव काही कमी झालेला नाही.

वसफिया

---

अजलून, १४ जानेवारी १९८४

सौ. वन्सं यांस,
इन्तिसारचा सलाम वि. वि.

तुमची पत्रं मी आईंना पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचून दाखवते, हे रागाच्या भरात विसरलात वाटतं. उन्हाच्या खोलीपाशी मी अडखळले. आई म्हणाल्या, वाच पुढे, लाजतेस काय, तिची जीभ लहानपणापासून अशीच आहे. मी वाचलं. तुमचं जुलैत यायचं दोनदा वाचायला लावलं.

मग म्हणाल्या, आण ती वडी. मी आणली. कोपऱ्याला जीभ लावली, डोळे मिटले. शेवटी तोंड वाकडं करून म्हणाल्या, की झोंबतो. तुझी भट्टी काही कामाची नाही, सूनबाई.

म्हणजे माझा उद्योग फसला, तुमच्या मनासारखं झालं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी मोरीत जाऊन रडले ते आनंदाने.

खोलीचं म्हणाल तर ती मला नको. छतावर वाळवी आहे.

इन्तिसार

---

हवल्ली, ११ फेब्रुवारी १९८४

चि. सौ. इन्तिसार हीस,
अनेक आशीर्वाद.

झोंबतो! हा शब्द मी मुनीरना स्वयंपाकघरातून ओरडून सांगितला. ते म्हणाले, साबण बिघडला म्हणून इतका आनंद झालेली बाई मी पहिलीच पाहिली.

मागच्या पत्रातलं मनावर घेऊ नकोस. इतक्या लांब राहिलं की माणसाला घरच्यांतच चोर दिसायला लागतात. तुझ्यासाठी निळं कापड घेऊन ठेवलंय, आईसाठी लोकरी मोजे. तिला सांग, जुलैत मी तिच्या हातच्या द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या खाणार आहे. तिने नुसतं बसून हुकूम सोडावेत, वळायला तू आहेसच.

लांबून का होईना, आमची आठवण काढत जा.

वसफिया

---

अजलून, ६ एप्रिल १९८४

सौ. वन्सं यांस,
इन्तिसारचा सलाम वि. वि.

बदामाचा बहर कधीच झडला. खलफ फॉस्फेटच्या खाणीवरून दोन दिवस येऊन गेले.

आई खूप वाळल्या आहेत. पायांची सूज आता पोटरीपर्यंत चढते. तांब्याची घागर उम्म राजिहच्या सुनेला दिली, बांगडी खलफच्या हातात ठेवली. कफन पेटीतून काढून दोरीवर वारा द्यायला घातलं होतं. मी बाजारातून आले तर अंगणात ते पांढरं कापड हलतंय आणि आई समोर भाजी निवडत बसल्यात.

शुक्रवार आला की वडी मागतात. जीभ लावतात. झोंबतो, म्हणतात. वड्या मात्र आता कडक वाजतात, रंगही हस्तिदंती झालाय. मला वाटलं, आपणच कडेला जीभ लावून बघावी. हात पुढे केला आणि भीती वाटली. जे त्यांचं ते त्यांचंच.

एक लिहू की नको असं झालंय. परवा भर दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली आई कुणाशी तरी बोलत होत्या. दारात कोणी आलंय म्हणून मी वाकून पाहिलं. दार सताड उघडं, अंगणात चिटपाखरू नाही. आई दाराकडे बघून म्हणत होत्या, की अजून झोंबतोय बाबा, जरा थांब. भांडत नव्हत्या. दूधवाल्याला परवा ये म्हणावं तसं म्हणत होत्या.

मी विचारलं तर म्हणाल्या, कोणी नाही, तू कपडे वाळत घाल. तेव्हापासून मी दार लावून घेते. आई उठून उघडतात.

वन्सं, जुलैच्या आधी येता येतं का बघा.

इन्तिसार

---

हवल्ली, ३ मे १९८४

चि. सौ. इन्तिसार हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून अंगावर काटा आला, पण म्हातारी माणसं एकटी बोलतातच. मुनीरची आई तर कोंबड्यांशी भांडायची.

आता जे लिहिते आहे ते शांतपणे वाच. मुनीरना बढती आणि नवं घर मिळतं आहे. साहेब म्हणाले, या उन्हाळ्यात गावी गेलात तर जागा दुसऱ्याची. मी रडले, भांडले. एकटीने मुलांना घेऊन निघते म्हणाले, तर ते म्हणाले, नव्या घराची लावालाव कोण करणार? त्यांचंही खोटं नाही. तेव्हा जुलैचं रद्द. पुढच्या वर्षी नक्की, सगळे मिळून, महिनाभर.

साबण अजून झोंबतोय असं तूच लिहितेस, त्याच भरवशावर मी मन घट्ट केलंय. आई शब्दाची पक्की आहे. तो तयार होईपर्यंत ती कुठे जात नाही. तिला हे कसं सांगायचं ते तू बघ. माझ्याच्याने होत नाही.

मला कठोर समजू नकोस.

वसफिया

---

अजलून, २७ मे १९८४

वसफिया वन्सं यांस,
सलाम.

तार पोचली असेल. खलफ म्हणाले, तारेत सगळं आलं, पत्र कशाला. पण तारेत काहीच आलेलं नाही.

तुमचं पत्र मी ओढणीखाली लपवलं. पोस्टमन येऊन गेला हे आईंनी खोलीतून ऐकलं होतं. मी म्हणाले, विजेचं बिल. आई म्हणाल्या, विजेच्या बिलाने तुझं तोंड असं होत नाही, वाच. मी वाचायला लागले आणि मधेच माझ्या मनचं लिहिल्यासारखं वाचलं, की जुलैत येतेय. मला खोटं वाचता येत नाही. त्यांनी हात पुढे केला, कागद घेतला, उलटासुलटा बघून परत दिला आणि म्हणाल्या, आता जसं आहे तसं.

मी वाचलं. बढती ऐकून म्हणाल्या, चांगलं झालं, मुनीर कष्टाळू आहे. मग वडी मागितली. शुक्रवार नव्हता. मी म्हणाले, आज नको आई. त्या म्हणाल्या, आण.

जीभ लावली. तोंड वाकडं केलं नाही. म्हणाल्या, गोड आहे. मग माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, की तुझ्या भट्टीला उगाच बदनाम केलं पोरी. पहिल्यांदा जीभ लावली त्याच दिवशी हा गोड होता. वसफिया यायची म्हणून मी थांबले होते. नुसतं थांब म्हटलं तर दारातला तो ऐकत नाही, त्याला काहीतरी कारण सांगावं लागतं.

मी पाय धरले. म्हटलं, अजूनही झोंबतो म्हणा ना. पुढच्या वर्षापर्यंत म्हणा. त्या म्हणाल्या, एवढं खोटं या वयात निभत नाही.

तिसऱ्या दिवशी, जेवणानंतर, भिंतीकडे तोंड करून झोपल्या त्या तशाच. अंगणाचं दार उघडं होतं.

उम्म राजिहच्या सुनेने आणि मी त्यांना स्नान घातलं. फेस दाट आला, मऊ आला. माझ्या हातावर भेगा आहेत, त्यांना जरासुद्धा आग झाली नाही. मी वाट बघत होते, की थोडी तरी व्हावी.

मला तुमचा राग आहे. लिहून टाकते, म्हणजे तो मनात राहणार नाही. आणि तुमची काळजीही आहे, कारण हे वाचताना तुमच्याजवळ कोण असेल ते मला माहीत नाही. आईंनी तुम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. शेवटच्या दुपारी एवढंच विचारलं, की कुवेतच्या नव्या घराला ऊन कुठल्या बाजूने येतं.

दुःख आपलं दोघींचं आहे, ते वाटून घेऊ. घर तुमचं आहे. फक्त एक ऐका. कधी येणार ते आता कळवू नका. नुसत्या या.

इन्तिसार