काय येत नाही त्याची यादी

मंगळवार, १२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे येईलच.

आधी एक गंभीर तक्रार. बिस्किटांच्या पुड्यावर 'येथून फाडा' असा बाण छापणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तरी पुडा तिथून फाडून दाखवावा. मी वीस मिनिटं झुंजले. शेवटी दातांनी फाडला आणि त्यातली धड राहिलेली पाच बिस्किटं बशीत मांडली, कारण केंद्रातून तपासनीस बाई यायच्या होत्या.

केंद्र म्हणजे तेच, ज्यांनी मला ही खोली मिळवून दिली. चाकाच्या खुर्चीतल्या माणसांनी आपापल्या घरात राहावं म्हणून ते मदतनीस पाठवतात. मला आठवड्याला चौदा तास. कुणाला किती मदत लागते, ते या तपासनीस बाई सहा महिन्यांनी येऊन बघतात. मग मी काय करावं? आदल्या दिवशी मदतनीस बाईकडून घर लखलखीत करून घेतलं. तपासनीस बाईंसमोर चहा केला, कांदा चिरून दाखवला, आणि स्वतःची तारीफ करताना मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही.

"तुम्हाला तर कुणाची गरजच दिसत नाही," बाई म्हणाल्या.

"नाहीच मुळी," मी म्हटलं.

आठवड्याने पत्र आलं. चौदाचे चार तास. सकाळची मदतनीस बंद.

फोटोत माझ्या कपाळावरचं टेंगूळ पाहून तू विचारलंस, तेव्हा मी कपाटाचं दार लागलं म्हणाले. कपाट बिचारं निर्दोष आहे. मी न्हाणीघरात पडले. सातला पडले, अकराला मला उचललं. हाताशी पाण्याचा मग होता, तो फरशीवर आपटत होते. खाली एक शिंपीकाका राहतात, त्यांना वाटलं नळाचं काम चाललंय. भला माणूस. कामात लुडबूड नको म्हणून चार तास थांबला आणि मग वर आला, तोही अजून किती वेळ चालणार एवढंच विचारायला.

केंद्रातल्या मुलीने मला चांगलंच झापलं. म्हणाली, "आम्ही मदत मोजायला आलो होतो, मार्क द्यायला नाही." फेरतपासणी होऊ शकते, पण मला काय काय येत नाही ते माझ्यासोबत राहिलेल्या माणसाने लिहून द्यायला हवं. पंधरा दिवसांत. तास परत मिळाले नाहीत तर खोली सोडायची. मग तुझं घर, नाहीतर संस्था.

ही यादी तुझ्याइतकी कुणाला पाठ आहे? मी निघायच्या आधी तू ती रोज ऐकवायचीस आणि मी कानात बोट घालायचे. एकाच कानात, कारण डावा हात तिथवर पोचत नाही. तेही लिही.

लिही की अंघोळीला माणूस लागतं, खुर्चीतून पाटावर सरकायलाही लागतं. वेणी घालता येत नाही. केस मी फॅशन म्हणून कापलेले नाहीत. आणि मनावर दगड ठेवून हेही लिही, की स्वयंपाक येतो, बँकेची कामं येतात, आणि एवढा हात मिळाला तर हिला आपल्या घरात राहता येतं. ती आठ महिने राहिली आहे.

आता एक राहिलं. निघताना दारात मी तुला म्हटलं होतं, तू माझं करतेस ते लोकांनी तुला चांगलं म्हणावं म्हणून. टॅक्सीवाला ऐकत होता, म्हणून जरा मोठ्यानेच म्हटलं होतं.

बावीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला तू मला अंघोळ घातलीस. तापात असतानाही. तिथे बघायला कोण होतं?

ते वाक्य मी परत घेते. तू कागद पाठव, न पाठव. हे त्याच्या बदल्यात नाही.

तुझी,
धाकटी