नदीची ओटी मी भरली नाही

॥ श्री ॥
सावली, जि. चांदा
फाल्गुन वद्य तृतीया, १९५४

तीर्थरूप सौ. आईस, लेकीचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

नारळ, खण आणि पावशेर गूळ पोचले. टपालाला तू तेरा आणे घातलेस. लेक वाचली म्हणून नदीची ओटी भर, असे लिहिलेस. ती मी भरली नाही. रागावू नकोस.

मी बरी आहे, खोकलाही गेला. पण नदी कोपली नव्हती गं. शिवरात्रीला मार्कंड्याच्या देवळाचे शिखर दिसले आणि डोंग्यातल्या आम्ही साऱ्या बाया एकाच बाजूला उठून उभ्या राहिलो. डोमाजी नावाडी ओरडत होता, "बाईहो, बसूनच हात जोडा!" शेजारच्या रुखमाबाई म्हणाल्या, "देवापुढं बसून काऊन जोडू रे? तुहा डोंगा देवापेक्षा मोठा हाये का?" तेवढ्यात डोंगा कलंडला. त्यांची सून कमळा बुडून गेली.

आता गाव म्हणते, पोरीचे पुण्य मोठे, देवाच्या दारात मरण आले. घरी तिचे तान्हे लेकरू दुधासाठी रडते, त्याला काय हे पुण्य पाजायचे? आणि डोमाजीला घाटावरून काढले, का तर त्याने नदीची पूजा केली नव्हती!

बाबांचा दमा कसा आहे? वहिनीला थोडी उसंत मिळते का?

रामनवमीला दर्शनाला येते म्हणतेस. माझा देवावर राग नाही, रोज दिवा लावते. पण शिखर दिसले की तू उठणारच, हे मी जाणते. डोंग्यात बसूनच हात जोडीन, असे उलट टपाली स्वतःच्या हाताने लिहून पाठव. तसे पत्र आले नाही, तर मी तुला घाटावर नेणार नाही.

तुझी,
वेणू