पाहुण्यांसाठी कापलेली ज्वारी

अण्णा, परवा तुमच्या कंपनीचे पाहुणे येऊन गेले. तुमचीच म्हणायची, कारण माझ्या लहानपणी आपल्या घरात दुसरा विषयच नसायचा. सोनपेठच्या रस्त्याला औद्योगिक वसाहत होणार, बाहेरदेशची कंपनी येणार, घरटी एक नोकरी लागणार. तुम्ही गावचे तलाठी, त्यामुळे तुमचा शब्द म्हणजे सरकारचा शब्द, असं समजायची ती भोळी माणसं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि कंपनी आपली अजून यायलीच आहे.

आक्का आठवते का? सगळं गाव तिला आक्काच म्हणायचं. नवरा वारलेला, पदरी एक लेकरू आणि पाच एकर काळीभोर जमीन. जमीन द्यायच्या संमतीच्या कागदावर ती काही केल्या अंगठा उठवेना, म्हणून तुम्ही मला सोबत घेऊन तिच्या शेतात हुरडा खायला गेलात. मी तेव्हा तिसरीत होते. लेक घेऊन आलेल्या माणसाला बाईमाणूस बांधावरून परत पाठवत नाही, हे तुम्हाला बरोबर ठाऊक होतं. आक्का आगटीपाशी बसली आहे. गोवऱ्यांच्या राखेतून कणीस काढते, तळहातावर चोळते, फुंकर मारून कोंडा उडवते आणि ऊन ऊन दाणे माझ्या ओंजळीत टाकते. तुम्ही बोटाला लागलेली जवसाची चटणी चाटत म्हणता, "आक्का, कंपनीतली पयली नौकरी तुझ्या लेकराची. पोरीच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो." आणि खरंच ठेवलात की हो हात! घरी गेल्यावर आईनं माझ्या केसांतली चटणी धुतली. चार दिवसांनी आक्कानं अंगठा दिला, साहेबांनी तुमची पाठ थोपटली, आपली परभणीला बदली झाली आणि मी चांगल्या शाळेत गेले. एवढं सगळं तुम्हाला एका शपथेत मिळालं, आणि शपथेला डोकं माझं वापरलंत. याचा मला अजून राग येतो.

आता मी परभणीच्या कचेरीत आहे. जिल्ह्यात परदेशी गुंतवणूक आणायची, हे माझं काम. हसू नका. दाखवायला आमच्याकडे आक्काचीच जमीन आहे. तिथं एक लोखंडी गेट, तारा नसलेले विजेचे चार खांब आणि एक बोर्ड. कुणी पाहुणे यायचे म्हटलं की बोर्डाला नवा रंग लागतो. बाकी वसाहतीनं आजवर एकच नोकरी दिली, गेटवरच्या राखणदाराची. ती आक्काच्या लेकाला मिळाली, कंत्राटावर. म्हणजे पहिली नोकरी त्याचीच, तुमचा शब्द खरा झाला म्हणा! पोरगा पन्नाशीला आला, केस पिकले, आणि शिट्टी गळ्यात अडकवून स्वतःच्याच शेताची राखण करतो. गेटाच्या आत त्याची म्हातारी दरसाल ज्वारी पेरते. कचेरीला माहीत असतं, पण कुणी हटकत नाही.

यंदा पाहुणे आले ते ऐन हुरड्याच्या दिवसांत. आमच्या साहेबांनी बैठकीत फर्मान काढलं, "प्लॉट दिसला पाहिजे, शेत नाही." ज्वारी कापायचा हुकूम निघाला आणि तो राखणदाराच्याच हातात दिला. त्यानं आईच्या देखत विळा घातला. दाणा दुधात होता, अण्णा. आणखी महिना थांबले असते तर त्या घराची वर्षाची भाकरी निघाली असती. मग असंही ठरलं की आता कापतोच आहोत तर पाहुण्यांना हुरडा पार्टी द्यावी.

पाहुणे तीन आणि त्यांचा एक दुभाषी. आपल्या लोकांना सत्कार म्हटला की भान राहतं का कधी? फेटे, शाली, नारळ, स्वागतगीत, प्रास्ताविक, आणि प्रास्ताविकावर आणखी दोघांची भाषणं. यात दोन तास गेले. एकाचा फेटा घसरून डोळ्यांवर आला, तरी साहेब बोलायलेच. पाण्याचं काय, असं पाहुण्यांनी विचारलं, साहेब म्हणाले, "होऊन जाईल." विजेचं विचारलं. "तेही होऊन जाईल." जमीन बघायला वेळच उरला नाही. गाडी गेटापाशी मिनिटभर थांबली, काच काही खाली झाली नाही. आक्काच्या लेकानं सलाम ठोकला, तो कुणी पाहिला नाही. मग विश्रामगृहाच्या हिरवळीवर हुरडा. तो मात्र त्यांनी मिटक्या मारत खाल्ला. दुभाषी म्हणाला, "पाहुणे विचारतात, त्या जमिनीत काय पिकतं?" साहेबांनी तोंडातला घास गिळला आणि सांगितलं, "काही नाही, एकदम मोकळी आहे." मला किळस आली. साहेबांची आली, त्या खांबांची आली, आणि पहिल्यांदा तुमची.

काल मी आक्काकडे गेले. ती ओट्यावर बसली होती. कंबरेत वाकली आहे पार, पण जीभ तशीच आहे.

"आले व्हते का गं बाई कंपनीवाले? पसंत पडलं का?"

"कळवतो म्हणाले, आक्का."

"पोरगी बघायला आलेले बी आसंच म्हंत्यात," ती बोळक्या तोंडानं हसली. "कळवतो म्हंजी न्हाई. मला काय कळत न्हाई व्हय?"

मी मान खाली घातली. तर तीच माझी समजूत घालायला लागली. "तुजा काय दोस, माय? वरून हुकूम आल्यावर तू तरी काय करशील? तुजा बाप बी लटकं बोलणारा न्हवता. पोरीच्या डोक्यावर हात ठिवून कुणी लटकं बोलंल का?" निघताना तिनं फडक्यात बांधून हुरडा दिला. कापणीतली चार कणसं लेकानं तिच्यासाठी मागं ठेवली होती.

हे मी त्या दौऱ्याच्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागे लिहितेय, उरलेल्या गठ्ठ्यातली एकेक घेऊन. तुम्हाला पाठवायला पत्ता नाही. जिचा पत्ता आहे, तिला वाचता येत नाही, हे माझ्या पथ्यावरच पडलं. पुढच्या बाजूला शेवटच्या ओळीत 'हुरडा पार्टी, संकल्पना' असं छापलंय आणि समोर माझं नाव आहे. बैठकीत मीच सुचवलं होतं, अण्णा. साहेब म्हणाले, "वा मॅडम!" आणि मला बरं वाटलं होतं. आक्काला हे सांगितलं नाही. तिचं फडकं घेतलं आणि गाडीत बसले.